लेकरांची तहान आणि लेकरांचे परसाकडे



या स्तंभातून आपण आजवर मुलांच्या अभ्यासाविषयी, त्यांच्या बोलण्याचालण्याविषयी, वडीलधाऱ्यांशी वागण्याच्या रीतीविषयी पुष्कळ बोललो. आज जो विषय हाती घेतला आहे तो चारचौघांत काढावयास आपण सहसा धजत नाही. लहान मुलांनी दिवसाकाठी किती पाणी प्यावे, परसाकडे केव्हा व कसे जावे, आणि या दोन्ही बाबतींत आईबापांनी त्यांच्याशी कसे वागावे, हा तो विषय होय. 'फादरांनी हे कशाला लिहावे? हे तर आयाबायांचे काम!' असे कोणी म्हणेल. परंतु ज्या गोष्टीपायी एखादे लेकरू मार खाते, शाळेत हिणवले जाते आणि आतल्या आत कुढत राहते, ती गोष्ट क्षुल्लक कशी म्हणावी? शिवाय या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे. तीच प्रथम सांगतो.

खासबागेत मागांची खटखट सकाळपासून चालू असते. तेथल्याच एका गल्लीतील एक आजीबाई गेल्या वर्षी आपल्या नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा सहा वर्षांचा, नुकताच पहिलीत बसलेला. बाप मागावर कामाला, आई घरी कांड्या भरणारी. आजीबाई म्हणाल्या, "फादर, पोरगं लई बिघडलंय बघा. रोज चड्डी खराब करतंय. बापानं मारलं, मी समजावलं, काही उपेग न्हाई. तुमी तरी चार शब्द सांगा की."

मीही फारसा विचार न करता ते चार शब्द सांगून मोकळा झालो. "तू आता मोठा झालास, शाळेत जातोस, असा आळस बरा नव्हे," असे काहीसे बोललो. मुलगा मान खाली घालून उभा राहिला. उन्हातून आला होता म्हणून त्याला पाण्याचा पेला दिला. त्याने तो ओठांना लावल्यासारखे केले आणि तसाच खाली ठेवला. आजीबाई सहज म्हणाल्या, "पाणी कुठलं पितंय ते! शाळेला नेलेली बाटली तशीच भरलेली परत आणतंय." ते शब्द माझ्या कानांवरून गेले, पण मनात शिरले नाहीत.

पुढे दोन आठवड्यांनी त्याच्या आईने त्याला मुलांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी त्याचे पोट चाचपून पाहिले, तो डाव्या बाजूस कठीण गोळा हाताला लागला. "याला मोकळे परसाकडे शेवटचे केव्हा झाले?" असे त्यांनी विचारले. आईला सांगता येईना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचा मुलगा आळशी नाही आणि हट्टीही नाही. त्याला जुनाट मलावरोध जडला आहे. चड्डीत जे येते ते येताना त्याला कळतही नाही. त्याला मारू नका." आईने येऊन हे मला सांगितले तेव्हा, खरे सांगतो, मला माझीच लाज वाटली. आजारी मुलाला मी आळशी म्हटले होते.

हे कसे घडते ते प्रत्येक आईबापाने नीट समजून घ्यावे. मुलाला एकदा कोणत्याही कारणाने शौच कठीण होते. ताप येऊन गेलेला असतो, पाणी कमी पडलेले असते, किंवा खाण्यात नुसता मैदाच आलेला असतो. कठीण शौचाच्या वेळी त्याला दुखते, कधी थोडे रक्तही येते. लहान मूल दुखणे विसरत नाही. पुढच्या वेळी कळ आली की ते पाय आवळून उभे राहते, टाचा उंचावते, कोपऱ्यात जाऊन दडते. आपण समजतो की ते कुंथत आहे. वास्तविक ते शौच रोखून धरीत असते. जितके रोखावे तितके आतील मोठे आतडे त्यातील पाणी शोषून घेते, आणि शौच अधिकच कठीण होते. मग अधिक दुखते, आणि मूल अधिक रोखते. असे पुष्कळ दिवस चालले की गुदाशय ताणला जातो व कळ आल्याची जाणीवच बोथट होते. मग साठलेल्या कठीण मळाच्या बाजूने पातळ शौच आपोआप झिरपते. कित्येक आया 'मुलाला हगवण लागली' म्हणून हगवण थांबवण्याचे औषध देतात, आणि मूळ दुखणे वाढते. अशा मुलाला मारणे म्हणजे खोकल्याबद्दल खोकणाऱ्यास शिक्षा करणे होय.

आता हे दुखणे त्या मुलाला जडले कसे? आईने त्याला जवळ घेऊन विचारले तेव्हा त्याने हळूहळू सांगितले. शाळेतील शौचकूपाला आतून कडी नव्हती, आत अंधार होता, आणि तेथे पाणी असेलच याचा नेम नव्हता. एकदा आत असताना मोठ्या मुलांनी दार ढकलले होते. तेव्हापासून त्याने आत पाऊल टाकले नव्हते. आणि आत जावे लागू नये म्हणून त्याने आपल्या बुद्धीने एक उपाय काढला होता: पाणीच प्यावयाचे नाही. सकाळी घरी घाई, शाळेत भय, आणि संध्याकाळी थकवा. असा तो सहा वर्षांचा जीव दिवसचे दिवस तहान मारीत होता. भरलेली परत येणारी बाटली हेच सांगत होती. पण ते आम्हा मोठ्यांपैकी कोणाच्याच ध्यानी आले नाही.

मला आज मुख्यतः हेच सांगावयाचे आहे. तहान आणि परसाकडे या दोन निरनिराळ्या गोष्टी नाहीत. ज्या मुलाला परसाकडे जाण्याचे भय वाटते ते पाणी पिणे सोडते, आणि जे मूल पाणी सोडते त्याला परसाकडे जाणे आणखी दुःखाचे होते. म्हणून 'पाणी पी, पाणी पी' असा नुसता धोशा लावून काही होत नाही. प्यालेल्या पाण्याची वाटही मुलाला निर्भयपणे मोकळी करून द्यावी लागते.

आपल्या या गावाला ही गोष्ट नवी वाटू नये. १९२४ सालच्या डिसेंबर महिन्यात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते हेच होय. एवढ्या लोकसमुदायाला पाणी मिळावे म्हणून टिळकवाडीत विहीर खणण्यात आली. काँग्रेस विहीर या नावाने ती आजही ओळखली जाते. पण पाण्याची सोय केली की काम संपले, असे त्या व्यवस्थापकांनी मानले नाही. छावणीतील सफाईसाठी स्वयंसेवकांचे पथक उभे केले गेले, आणि ज्या कामाला हात लावणे लोक कमीपणाचे मानीत ते काम त्या स्वयंसेवकांनी आपल्या हातांनी केले. एका हाताला विहीर आणि दुसऱ्या हाताला सफाई, अशी ती व्यवस्था होती. आपल्या घरांत व शाळांत मात्र आपण पाण्याचा माठ दर्शनी ठेवतो, आणि शौचकूपाची आठवण कोणी पाहुणा यावयाचा झाला तरच काढतो.

प्रथम पाण्याविषयी पाहू. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत त्याला आईचे दूध पुरेसे असते. कडक उन्हाळ्यातही वरचे पाणी देण्याची गरज नसते. उलट त्या पाण्यातून रोग शिरण्याचा धोका असतो. 'घसा सुकतो' म्हणून चमच्याने पाणी किंवा मध देणाऱ्या आजीबाईंनी हे प्रेमाने ऐकावे. मध तर एक वर्षाच्या आत मुळीच देऊ नये. सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नाबरोबर घोट घोट पाणी सुरू करावे. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दूध व पाणी मिळून दिवसाला सुमारे १ लिटर, चार ते आठ वर्षांच्या मुलाला सुमारे सव्वा लिटर, आणि त्याहून मोठ्या मुलांना दीड ते दोन लिटर लागते. उन्हाळ्यात, तापात व खेळण्याच्या दिवसांत याहून अधिक. हे मोजमाप घोकत बसण्याचे कारण नाही. मुलाच्या लघवीकडे पाहावे. ती फिकट असली तर पाणी पुरते आहे. गडद पिवळी व उग्र वासाची असली तर कमी पडते आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारणतः १८० मिलिलिटर, म्हणजे एका लहान पेल्याएवढीच लघवी मावते. म्हणून मुलाने दिवसातून चारपासून सात वेळा लघवीस जाणे हे स्वाभाविक आहे. 'सारखा काय जातोस?' असे म्हणून त्याला अडवू नये, आणि दिवसातून तीनच वेळा किंवा त्याहून कमी वेळा जात असेल तर ते ध्यानात घ्यावे.

पाण्याची जागा चहाने किंवा सरबताने भरून काढू नये. आपल्याकडे चहात बिस्किट बुडवून मुलाला शाळेत धाडण्याची रीत फार पडली आहे. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही, आणि मैद्याच्या बिस्किटात पोट साफ राखणारा चोथा नसतो. दुधाचेही प्रमाण असावे. एक वर्षावरील मूल दिवसाला अर्ध्या लिटरहून फार अधिक दूध पिऊ लागले की भाकरी-भाजीची भूक मरते, आणि पुष्कळ मुलांना मलावरोध व पांडुरोग दोन्ही होतात. यापेक्षा ज्वारीची भाकरी, मसुराची आमटी, पालेभाजी, नाचणीची आंबील, परसातील पेरू किंवा पपई यांत मुलाचे अधिक हित आहे. ही सारी आपल्या मुलखाची अन्ने आहेत. त्यांसाठी बाजारात फार पैसे मोजावे लागत नाहीत.

पाणी किती याबरोबरच ते कसे, हेही पाहिले पाहिजे. ज्या वस्तीत नळाला पाणी दिवसाआड किंवा काही तासच येते तेथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. हुबळी-धारवाडमध्ये अखंड येणाऱ्या व थांबून थांबून येणाऱ्या अशा दोन्ही नळांचे पाणी अभ्यासकांनी तपासून पाहिले. त्यांचे निष्कर्ष २०१३ व २०१४ साली प्रसिद्ध झाले. थांबून येणाऱ्या पाण्यात दूषितपणाची चिन्हे अधिक वेळा आढळली, आणि पुष्कळ वेळ बंद राहिलेला नळ सुरू होताच येणारे पहिले पाणी विशेष दूषित असते असे दिसून आले. कारण उघड आहे. नळ रिकामा व दाबाविना असताना बाहेरची घाण फटींतून आत येते व आतला साका सुटतो. म्हणून नळ आला की पहिले पाणी धुण्याभांड्याला घ्यावे आणि पिण्याची कळशी नंतर भरावी. पाणी उकळून, निववून, झाकून ठेवावे. त्यात हात किंवा पेला न बुडवता लांब दांड्याच्या ओगराळ्याने ते काढावे.

आता परसाकडे जाण्याच्या सवयीविषयी. जेवण पोटात गेले की मोठ्या आतड्याला चालना मिळते. ही देहाची स्वाभाविक रचना आहे. म्हणून न्याहारीनंतर किंवा रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांनी मुलाला शौचास बसवावे. पाच ते दहा मिनिटे पुरेत. झाले तर उत्तम, न झाले तरी रागावू नये. त्या वेळी मुलाच्या हाती मोबाइल देऊ नये. तो दिला की मूल कशासाठी बसले आहे हेच विसरते. यासाठी सकाळी पंधरा मिनिटे लवकर उठावे लागेल, हे मी जाणतो. परंतु घराघरांत सकाळी काय चालते? आईचा डबा, बापाची पाळी, दप्तर, गणवेश, आणि रिक्षा दाराशी. या धांदलीत मुलाला कळ आली तरी 'आता नको, शाळेत जा' असे आपणच म्हणतो. शाळेत तो 'आता नको, घरी जा' असे स्वतःला सांगतो. अशा रीतीने कळ येते आणि निघून जाते. या एका घाईतून पुष्कळ दुखणी जन्मास येतात.

बसण्याची रीतही महत्त्वाची आहे. उकिडवे बसणे शौचाला सोयीचे असते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. परंतु शौचकूपाचे भोक लहान मुलाला विहिरीएवढे वाटते. आपण त्यात पडू, असे त्याला खरोखरच भय वाटते. सुरुवातीचे काही दिवस वडीलधाऱ्याने हात धरून उभे राहावे. घरी कमोड असल्यास मुलाचे पाय अधांतरी लोंबकळू देऊ नयेत. पायांखाली लाकडी पाट किंवा छोटे स्टूल ठेवावे, म्हणजे गुडघे वर येतात व शौच सुलभ होते.

तान्ह्या बाळाला पायांवर बसवून 'शू-शू' करण्याची आपल्या आयांची जुनी पद्धत प्रेमळ आहे. तिने बाळाला ओळख होते. मात्र स्वतः सांगून जाण्याचे कळण्यास मूल साधारण दीड ते तीन वर्षांचे व्हावे लागते. ते दोन-दोन तास कोरडे राहू लागले, नीट चालून येऊन बसू लागले, आणि शब्दाने वा खुणेने सांगू लागले, की वेळ आली असे समजावे. शेजारणीचे मूल सव्वा वर्षात शिकले म्हणून आपले मूल मागे पडले असे नाही. जबरदस्तीने बसवलेले मूल रोखून धरावयास शिकते. अंगावर पिणाऱ्या बाळाची तऱ्हा आणखी निराळी. ते कधी दिवसातून चार वेळा तर कधी चार दिवसांतून एकदा शी करते; शी मऊ असली, बाळ नीट पीत असले व त्याचे वजन वाढत असले तर घाबरण्याचे कारण नाही. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून घालणे, साबणाची वडी घालणे, एरंडेल पाजणे, हे घरगुती उपाय मात्र कृपा करून सोडावेत. त्यांनी इजा होते, आणि मुलाच्या मनातील भय वाढते.

'लहान बाळाची शी निरुपद्रवी' असा एक समज आपल्यात फार खोल रुजला आहे. तो खरा नाही. तिच्यातूनही हगवणीचे जंतू पसरतात. म्हणून ती अंगणात किंवा गटारात न टाकता शौचकूपातच टाकावी व नंतर साबणाने हात धुवावेत. मुलींना लहानपणापासूनच पुढून मागे अशा रीतीने धुवावयास शिकवावे. त्याने मूत्रमार्गाचे विकार टळण्यास मदत होते. हगवण लागलीच तर प्रत्येक जुलाबानंतर क्षार-साखरेचे पाणी पाजावे. औषधाच्या दुकानातील ओ.आर.एस.ची पुडी सर्वांत चांगली. ती न मिळाल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे ६ सपाट चहाचे चमचे व मिठाचा अर्धा चमचा विरघळवावा. मीठ याहून अधिक कधीही घालू नये. १९७१ साली बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली व शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी असेच पाणी पिंपांतून वाटून असंख्य जीव वाचवले. अंगणवाडीत व सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या जस्ताच्या गोळ्याही सांगितल्याप्रमाणे १४ दिवस पूर्ण द्याव्यात.

शाळेविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचकूपे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी ही शाळेत असलीच पाहिजेत, असे २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेले आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेही सर्व राज्यांना तशी आज्ञा केली. म्हणजे शाळेतील कडी, पाणी व उजेड यांविषयी विचारणे ही आपली मेहेरबानीची याचना नव्हे. २०१९ साली केरळातील शाळांत मुलांना पाणी पिण्याची आठवण देण्यासाठी दिवसातून ठराविक वेळी घंटा वाजू लागली. त्याच वर्षी आपल्या कर्नाटकाच्या शिक्षण खात्याने आणि २०२० साली महाराष्ट्रानेही ही पाण्याची घंटा सुरू करावयास सांगितले. योजना चांगली आहे. पण घंटा वाजल्यावर प्यालेले पाणी तासाभराने बाहेर जावयास मागते, हे विसरून चालणार नाही. शौचकूप स्वच्छ नसेल तर हुशार मूल घंटा ऐकूनही बाटली उघडणार नाही. यास्तव पालकसभेत गुणपत्रिका पाहण्यापूर्वी एकदा शाळेचे शौचकूप पाहून यावे. दोष दिसल्यास भांडू नये. चारजणांनी मिळून कडी बसवून द्यावी, बादली-मग आणून द्यावा, आणि पुढे ते स्वच्छ कोण ठेवणार हे शाळेशी बोलून ठरवावे. शिक्षकांनाही माझी विनंती आहे की, तासाच्या मध्ये हात वर करणाऱ्या लहान मुलास अडवू नये. खोटे निमित्त करणारा एखादा असेल. पण खरोखर कळ आलेल्या नऊ जणांनी त्याच्यासाठी का सोसावे?

रात्री अंथरूण ओले करणाऱ्या मुलांविषयीही येथेच सांगतो. पाच वर्षांच्या वयात सुमारे १०० पैकी १५ मुले अंथरूण ओले करतात, आणि त्यांतील बहुतेकांची सवय वाढत्या वयाबरोबर आपोआप जाते. ते झोपेत घडते. त्यात मुलाचा अपराध नाही. ओली चादर शेजाऱ्यांना दाखवून मुलाला लाजविण्याचा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. कृपा करून तसे करू नये. दिवसभर भरपूर पाणी द्यावे, संध्याकाळनंतर थोडे कमी करावे, आणि निजण्यापूर्वी लघवीस पाठवावे. पुष्कळदा मलावरोध बरा होताच हेही थांबते, कारण भरलेले आतडे मूत्राशयाला दाबीत असते.

मात्र काही लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. कित्येक महिने रात्री कोरडे राहणारे मूल अकस्मात पुन्हा अंथरूण ओले करू लागले, त्याला सारखी तहान लागू लागली आणि ते वाळू लागले, तर त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन रक्तातील साखर तपासून घ्यावी. लहान मुलांनाही मधुमेह होतो, आणि तो ओळखण्यास उशीर झाला तर मूल दगावू शकते. 'पाणी फार पितो म्हणून लघवी करतो' असे म्हणून पाणी तोडणे तर फारच घातक. तसेच शौचातून रक्त, पोट फुगणे, हिरवी उलटी, वजन घटणे, लघवीला जळजळ व ताप, किंवा जन्मल्यापासून ४८ तासांत बाळाने पहिली काळी शी न करणे, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांना दाखवावे. हगवणीत डोळे खोल जाणे, बाळ मलूल होणे व सहा ते आठ तास लघवी न होणे हीही धोक्याची खूण होय.

तो मुलगा आज बरा आहे. परंतु तो चार दिवसांत बरा झाला नाही. डॉक्टरांनी शौच मऊ करणारे औषध दिले व ते पुष्कळ महिने चालू ठेवावयास सांगितले. बरे वाटताच थांबवले तर दुखणे उलटते, हेही बजावले. मधेच महिनाभर सुधारणा थांबली, तेव्हा आई निराश झाली होती. बाप मात्र या सर्वांतून पालटला. ज्या हाताने त्याने मारले होते त्याच हाताने तो रोज सकाळी मुलाचा हात धरून उभा राहू लागला. मागावर जाण्यास त्याला थोडा उशीर होई, आणि त्याचे बोलणेही तो खात असे. शाळेत दोन-तीन पालकांनी मिळून कडी बसवली व दिवा लावून घेतला. एके दिवशी मी त्या घरी गेलो तेव्हा मुलगा दारातच खेळत होता. मी त्याला जवळ बोलावून म्हटले, "बाळ, त्या दिवशी मी तुला आळशी म्हटले ते चुकीचे होते. मला माफ कर." तो काही बोलला नाही. आत गेला आणि माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आला. मग स्वतःची बाटली उचलून माझ्याबरोबर प्याला.

वाचकहो, आज संध्याकाळी मूल शाळेतून आले की अभ्यास विचारण्याआधी त्याची पाण्याची बाटली हातात घेऊन पाहा. ती भरलेली असेल तर रागावू नका. जवळ बसवून, हळू आवाजात, शाळेतील शौचकूप कसे आहे ते विचारा. आणि ते सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.

तुमचा,
फादर